मँचेस्टरची वाळू

लंडनमधल्या हाउन्सलोच्या बसमध्ये नीनाच्या पुढच्या सीटवर एक मराठी जोडपं सुट्टीचं ब्रोशर उघडून बसलं होतं.

"बार्बाडोस नको गं, लाटा फार. अँटिग्वाचं पाणी बघ, कमरेपर्यंत आत गेलं तरी पायाची नखं दिसतात."

"असं यात लिहिलंय?"

"असेल की कुठेतरी. आणि भर दुपारीसुद्धा वाळू पायाला भाजत नाही."

"हेही यातच?"

"अगं, ऑफिसातला एकजण सांगत होता."

"मार्चमध्ये तुम्ही मँचेस्टरच्या ट्रेनिंगहून आलात ना, तेव्हा बॅगेतून पांढरीशुभ्र वाळू निघाली होती. मीच झाडली."

"हळू बोल!"

"का? इथे कुणाला मराठी कळतंय?"

नीनाचा स्टॉप आला. बेलकडे नेलेला हात तिने हळूच मागे घेतला.