मॉक ड्रिलमध्ये एक माणूस कमी

नाही जी, झोपले-गिपले काही नव्हते ते. कामावर झोपणारा माणूस नाही हा — तुमच्या त्या सुपरवायझरनं तसं सांगितलं असंल तं त्याले माझ्यासमोर आणा एकदा. बसा ना मॅडम, उभ्या कावून? ते खुर्चीवरचे कपडे सरकवा जराशे — हां, असं. तुमी कंपनीच्या सेफ्टीवाल्या, ऑफिसात बोलावायचं सोडून घरापर्यंत आल्या, म्हणजे तुमाले समजून घ्यायचं आहे असं मी धरते. बाकीच्यायनं तं परवाच निकाल देऊन टाकला. आगीच्या ड्रिलचा भोंगा वाजला, सारे लोक बाहेर मैदानात जमले, गिनती झाली, एक माणूस कमी. सारा टर्बाइन हॉल धुंडाळला, आणि खाली तळघरात पाहतात तं काय — हो, तेच, लांजेवार, तुमी पुरं नाव वाचलं ते बरोबर, मी नाव नाही घेत त्यायचं — आमच्या दिपालीचे बाबा आरामात तेलाचा पंप पुसून राहिले. पुसत होते जी, झोपले नव्हते. आणि त्या सिक्युरिटीवाल्यानं दंडाले धरून वर आणलं, साऱ्या मैदानासमोर, जसा काही तांब्याचा तार चोरताना सापडला. घरी आले तं शर्टाची बाही उसवली होती. मी शिवून राहिली आणि हे भिंतीकडे पाहून राहिले.

मोहन नगरच्या का तुमी? मंग हिंदीत कावून सुरू झाल्या होत्या? बोला ना आपल्या बोलीत. अवं, लेकीसारख्या आहात तुमी, भूमिका नाव ना तुमचं? मंग मी अगं-तुगं नाही करत, तुमी साहेब आहात, पण राग आहे मले तुमचा, ते सांगून ठेवते. राग यासाठी की हा सारा खेळ तुमीच बदलवला. तुमी यायच्या पहिले कसं होतं — आदल्या दिवशी सांगून जात, उद्या जेवणाच्या पहिले आग लागणार आहे. खरंच, असंच म्हणत. मंग काय, लोक डबा संगं घेऊनच मैदानात जात, निंबाच्या सावलीची जागा कोणी पकडायची त्याच्यावर भांडणं होत. हे पण जात. साऱ्यायच्या पुढं जात. एकदाही गिनती कमी नाही भरली यायच्यामुळं. आणि तुमी आल्या आणि न सांगता भोंगा वाजवला. कावून? — हो, खरी आग सांगून येत नाही, ते मलेही समजते. पण माणसाले थोडं तं सांगावं. माहीत असतं तं ते आधीच वर येऊन उभे राहिले असते ना.

आणि म्हणे लांजेवारले सेफ्टीची पर्वा नाही. कोणाले? या माणसाले? तुमी आमचं स्वयंपाकघर पाहा, उठा, पाहा. सिलेंडर खिडकीजवळ, रेतीची बालटी दाराजवळ, आणि दिवाळीत रांगोळीच्या बाजूले दुसरी बालटी पाण्याची — साऱ्या गल्लीत हसतात आमाले. दिपाली लहान होती तवा तिच्याकडून डोळे झाकून घरातून बाहेर निघायची प्रॅक्टिस करवून घेत, धूर झाला तं वाट हातानं सापडली पाहिजे म्हणून. मी देवघरात दिवा लावून उठली की हे मागून येऊन पाहतात, पदराचं टोक दिव्याकडं तं नाही ना. तो माणूस भोंगा वाजल्यावर मुद्दाम बसून राहील? कोणाले तरी पटण्यासारखं आहे का हे?

हा आवाज ना, हा मागच्या कोचिंग क्लासचा. माइक लावून शिकवतात पोट्ट्यायले. नेहरू नगरात घर घेतलं तवा मले वाटलं, शांत असंल — आता दिवसभर फिजिक्स ऐकते मी. माझा जप चुकते त्याच्यात. यायले काही त्रास नाही. रात्रपाळी करून आले की इथं, याच दिवाणावर, माइकच्या तोंडाशी झोपतात. मी म्हणते, देवानं काय झोप दिली आहे. लग्न झालं तवा मांजर चालली तं उठत. वय झालं की बदलते ना माणूस.

चहा घ्या. मले नाही, माझा उपास आहे. चातुर्मास धरला आहे मी यंदा, मौन जेवणाचा — जेवाले बसलं की बोलायचं नाही, आणि बोललं की हात धुवून उठायचं, ताटात काही असू द्या. पहिले पहिले दोनदा उपाशी उठली मी. तोंडच राहत नाही ना बंद. मंग सवय झाली. आणि एक दिवस आमी दोघं जेवून राहिलो, मी मुकाट्यानं यायच्याकडं पाहिलं, भाकर पाहिजे का म्हणून, नुसतं पाहिलं जी — आणि हे म्हणतात, "हो हो, उद्या आणतो." मी तशीच. घास हातात. काय आणता उद्या? मी तं बोललीच नाही. मंग परत पाहिलं त्यायच्याकडं. तं म्हणतात, "हो ना, बरोबर आहे तुझं." त्या दिवशी मी बोलली नाही तरी हात धुवून उठली. मोरीत जाऊन रडली. इतक्या वर्साचे सारे हो हो माझ्या डोळ्यासमोर आले, त्यातले खरे किती असतील — माझं तोंड हललं की हो म्हणायचं, माझा चेहरा वर झाला की हो म्हणायचं — बाई, मी त्या माणसाशी कधीपासून भिंतीशी बोलल्यासारखी —

नाही. तसं नाही. मी काय म्हणून राहिली होती? कपबशी ठेवून कावून दिली? तुमी काही मनात घेऊ नका. थकतात ते, ध्यान नसते त्यायचं. कानाचं काही नाही. कानाची तपासणी होते ना तुमची दर वर्साले, ती पेटीसारखी काचेची खोली आहे, कानाले हेडफोन लावून आत बसवतात, शिटी ऐकू आली की हात वर करायचा. पास आहेत त्याच्यात. दर वर्साले पास. शिटी वाजली की देवीदास भाऊजी काचेतून अंगठा दाख— काचेतून पाहतात बाहेरून, असं म्हणायचं होतं मले. संगं काम करतात ना ते. जिवाला जीव देणारा माणूस आहे.

असं नका पाहू माझ्याकडं.

बरं. झाकून आता काय उपयोग. पण लिहू नका, बाई, पाया पडते. लिहिलं की काय होईल ते मले माहीत आहे — मशीनवरून काढतील आणि गेटवर बसवतील, पासवर शिक्का माराले, नाहीतर सरळ घरी. ते म्हणतात, मशीनवर हात ठेवला की मले समजते तिले काय दुखून राहिलं. तळव्यानं ऐकतात ते. कानाची गरजच नाही म्हणतात. आणि ते गेटवर बसले तं महिन्याभरात संपतील, मी सांगते तुमाले. मी डोंगरगडच्या बमलाई देवीले नवस बोलली आहे, नवरात्रात ज्योत लावीन. कान परत दे असं नाही मागितलं, ते आता होत नाही, मलेही समजते. एवढंच मागितलं की तुमचा भोंगा खरा कधी वाजू नये.

काय म्हटलं? परत सांगा. तिथं कोणालेच ऐकू येत नाही? म्हणजे — चांगल्या कानाच्या माणसालेही? तुमालेही? अवं हो, कानात ते बोंडं घालतात ना सारे, तुमीच घालाले लावता. बोंडं घातले आणि वरतून मशीनचा तो आवाज. मंग बाकीचे बाहेर कसे आले परवा? एकमेकाले पाहून. कोणी तरी दाराजवळचा उठला, त्याले पाहून दुसरा, दुसऱ्याले पाहून तिसरा. आणि हे खाली तळघरात एकटे, त्यायले दिसाले कोणीच नव्हतं. मंग मॅडम, एक सांगा मले, मी काही शिकलेली नाही — ज्या जागी कोणालेच ऐकू येत नाही त्या जागी भोंगा कोणासाठी लावला? आणि दंडाले धरून आणलं ते माझ्या माणसाले कावून? धराचं होतं तं त्या लावणाऱ्याले धरा ना. लाल दिवा पाहिजे म्हणता, फिरणारा, भिंतीवर उजेड पाडणारा? कंपनीले मागितला आहे तुमी? आणि अजून आला नाही. कागद वर गेला आहे. हो, वर गेलेले कागद मले माहीत आहेत. वरच राहतात.

त्यायले दिसला असता तो. डोळे अजून घारीसारखे आहेत.

तुमचं म्हणणं मले समजते. यायचं नाव लिहिलं तं दिवा लवकर येईल — एक माणूस खाली राहून गेला आणि का राहून गेला, ते लिहिल्याशिवाय कंपनीवाल्यायचे डोळे उघडणार नाहीत. आणि नाव लिहिलं तं हे मशीन सोडून वर येतील, कायमचे. दोन्ही खरं आहे. तुमी खोटं नाही बोलून राहिल्या, तुमच्या तोंडावरून दिसते. पण तुमी माझ्या हातून मागून राहिल्या हे. बायकोच्या हातून.

मी इतके दिवस काय करत होती सांगू? उपास करून राहिली होती. मले वाटे, माझं पोट रिकामं राहिलं तं भोंगा चूप राहील. देवी ऐकते माझं, मी नाही म्हणत नाही. पण परवा गिनती झाली तवा ते मैदानात नव्हते. खरी आग असती तं — पंप पुसत असते ते. शेवटपर्यंत पुसत राहिले असते, बाकी सारे बाहेर गेले ते न समजता.

आता कुठं असतील? दुसऱ्या पाळीले गेले आहेत. सुनावणी होईपर्यंत ड्यूटी तीच ठेवली आहे ना. म्हणजे खालीच. आत्ता, या टायमाले, खालीच. एकटे.

लिहा. लिहा मॅडम, माझं नाव टाका पाहिजे तं, सिंधु लांजेवारनं सांगितलं म्हणून. देवीदास भाऊजीचं नका टाकू, त्यायनं दोस्ती केली. आणि लिहाले बसू नका इथं, ते मंग लिहा. पहिले जा. तुमची स्कूटी आहे ना, जा. त्यायले वर आणा, किंवा संगं कोणी द्या, दिसंल असं उभं राहणारं. रागावतील. रागावू द्या, माझ्यावर रागावतील, मी ऐकून घेईन.

आणि ऐका — मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका. फार दचकतात. समोरून जा.