इतर कोणीही वारस नाही

न्हाई मामा, ती पिशवी उघडू नका. आत काय आहे ते मला माहीत आहे — वर साडी, साडीखाली हक्कसोडीचा कागद, आणि कागदावर मी सही करायची तिथं वकिलानं पेन्सिलीनं मारलेली फुली. बराबर? मंग बसा. बसा हो, बाकडं भोकरदनच्या कोर्टाचं आहे, कोणाच्या बापाचं न्हाई. आपला नंबर अकरावा, आत्ता कुठं चौथा पुकारलाय. सुमितनं पाठवलं ना तुम्हाला? तो स्वतः का न्हाई आला? चहाच्या टपरीवर बसलाय, मला इथून दिसून राह्यलाय, मायला शेजारी घेऊन. सख्खा भाऊ — बहिणीशी बोलायला मामा लागतो.

कसं कळलं म्हणता? सगळ्यांना तेवढंच कोडं पडलंय — ज्योत्स्नाला कळलं कसं! त्याच्या वकिलानं जाहीर नोटीस द्यायला शोधून शोधून असला पेपर काढला, जो कोणी विकत घेत न्हाई. नोटीस तर छापली पाहिजे, पण वाचली न्हाई पाहिजे. पण मामा, तो पेपर फुकट येतो ना, म्हणून आमच्या मस्तगडच्या अभ्यासिकेत येतो. आणि स्पर्धा परीक्षेचं पोरगं-पोरगी पेपर कसा वाचतं, तुम्हाला ठाऊक न्हाई. टेंडरसुद्धा सोडत न्हाईत. मी पेन घेऊन वाचत होते, सातव्या पानावर आले आणि बाबांचं नाव. केदारखेड्याचे भिवा अमुक तमुक मयत, त्यांना पत्नी गिरिजाबाई व एक मुलगा सुमित हे वारस असून इतर कोणीही वारस नाही, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे. मी ते वाक्य अधोरेखित केलं. खरं सांगते, सवयीनं केलं — महत्त्वाचं वाटलं की रेघ मारायची. रेघ मारून झाल्यावर समजलं की हे माझ्याबद्दल आहे.

इतर कोणीही. एकोणीस दिवस सरकारी दवाखान्यात बाबांच्या उशाशी कोण होतं? मी. ऑपरेशनच्या कागदावर सही कोणाची चालली? माझी. तिथं नातं विचारलं, मी लिहिलं मुलगी, कोणी म्हणालं न्हाई की मुलगी चालत न्हाई, मुलगा आणा. सुमितला तेव्हा सुट्टी मिळत नव्हती. आता घर आणि दीड एकर विकायला गिऱ्हाईक मिळालंय तर सुट्टीच सुट्टी. आणि हो, ऐका — अशा वेळी पोरी म्हणतात, मला जमीन नको, फक्त मान द्या. मी न्हाई म्हणत. मला मान पण पाहिजे आणि माझं अर्धं एकर पण पाहिजे. विहिरीच्या बाजूचं.

साडी कोणत्या रंगाची आहे? न्हाई, उगाच विचारलं. माझ्या मायला हिरवी मिळाल्ती. आठवतं का? तुम्हीच दिल्ती. मी पाचवीत होते, तिच्याबरोबर याच भोकरदनला आल्ते, रजिस्ट्री ऑफिसात. आजोबांच्या शेतातला तिचा वाटा तुमच्या नावावर करायचा होता. तिला म्हणाले, इथं अंगठा द्या. तिनं अंगठा पुढं केला आणि तो धरून शाईवर दाबला कोणी? तुम्ही, मामा. घट्ट धरला होता, जसं काही ती पळून जाईल. रागवू नका, मी त्या वाट्याचं मागायला न्हाई आले. येताना एसटीत ती शाई पदरानं पुसत राह्यली आणि मला हसून म्हणाली, जाऊ दे, माहेर तुटायला नको. मला तेव्हा हक्कसोड हा शब्द पण माहीत नव्हता, पण तो अंगठा माझ्या डोक्यातून गेला न्हाई. मंग सातवीत गेले तेव्हा मी तिला धरून बसवलं. रोज चुलीपुढं, माझ्या पाटीवर. गिरिजाबाई. चार महिने लागले तिला. पहिल्यांदा बराबर आलं तेव्हा तिनं ती पाटी दोन दिवस पुसू दिली न्हाई. म्हटलं, माय, आता तुझा अंगठा कोणी धरणार न्हाई.

आणि आपल्या घरात हे सगळं? बाकीच्यांचं मी समजू शकते, पण आपल्या घरात? भिंतीवर फोटो कोणाचा आहे, मामा? ज्यांचा आहे त्यांनी मंत्रिपद सोडलं ते कशापायी, एवढं तरी ठाऊक आहे ना? बायकांच्या वारसाहक्काचा कायदा अडवून धरला म्हणून! चौदा एप्रिलला सुमित निळा फेटा बांधून मिरवणुकीत सगळ्यांत पुढं नाचतो आणि मंग त्याच हातानं शपथपत्र करतो की मला बहीण न्हाई. मी त्याला फोनवर हेच म्हटलं. तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, तायडे, भाषण नको देऊ. दिलंच मी. अर्धा तास दिलं.

हां, आता आलात मुद्द्यावर. मायचं काय. सुमितच्या त्या वारस दाखल्याच्या अर्जावर मायची पण सही आहे, शपथेवर केलेली आहे, मी हरकत घेतली तर ती पण खोटी पडेल, या वयात तिला कोर्टात ओढशील का — हेच ना? सुमितनं बराबर पाठ करून घेतलंय तुमच्याकडून. पण मी तिला वाचवलंय, मामा. हे बघा, माझी हरकत, दुसरं पान. माझ्या आईस अर्जातील मजकूर वाचून दाखविण्यात आलेला नाही, तिने विश्वासाने सही केली आहे. ही ओळ माझ्या वकीलबाईंनी न्हाई, मी घातली. तिला सही येते, एवढं बारीक टाइपलेलं वाचता येत न्हाई. पेन्शनचा कागद म्हणून पुढं केला असेल, तिनं केली सही. झालं. माय सुटली.

काय झालं? मान का हलवताय?

तोंडानं सांगा.

कोणी वाचून दाखवला? तुम्ही? सगळा? — ती 'इतर कोणीही वारस नाही'ची ओळ पण?

दोनदा.

आणि ती काय म्हणाली? ... न्हाई, सांगा, मी रडत न्हाई, मला धूळ चालत न्हाई. काय म्हणाली?

"पोरगी समजून घेईल."

असं म्हणाली. आणि मंग सही केली. मी शिकवलेली. मी वकीलबाईंच्या ऑफिसात अर्जाची नक्कल पाहिली, मामा — गि ला पहिली वेलांटी, माझ्यासारखीच थोडी लांब ओढलेली. इतकी नीट सही, मला वाटलं घाईत कुठं तरी पुढं केला असेल कागद. घाईत न्हाई केली. सावकाश केली.

तुमच्या खिशाला पेन आहे ना? द्या. न्हाई, हक्कसोडीसाठी न्हाई, हुरळून जाऊ नका. ही ओळ खोडायची आहे. वाचून दाखविण्यात आलेला नाही — खोटं आहे हे. सुमितच्या अर्जात खोटं आहे म्हणून मी इथं बसलेय, मंग माझ्या अर्जात कसं ठेवू? हे बघा, खोडली. इथं बारकी सही. वकीलबाई ओरडतील, ओरडू द्या. मायला वाचवणारी तेवढी एकच ओळ होती, हो, मला कळतं, मला समजावू नका.

नववा पुकारला. ऐका आता, जल्दी ऐका. टपरीवर जा आणि मायला सांगा, ज्योत्स्ना सही करत न्हाई. आणि सांगा की आज न्हाई तर पुढच्या तारखेला साहेब तिला उभं करतील आणि एकच गोष्ट विचारतील — तुम्हाला लेकरं किती. त्याला कागद लागत न्हाई, सही लागत न्हाई, वकील लागत न्हाई. मी समोरच उभी असेन. माझ्याकडं बघून सांग म्हणावं. जे सांगशील ते मी ऐकून घेईन, पण समजून घेणार न्हाई.

घ्या तुमचं पेन. पिशवी पण घ्या, मामा, विसरून जाल. उठा.