चित्रातलं वल्हं

अपोंडी: …आणि याच्यापुढचं सांगितलं, तर तुमच्या नैरोबीत कुणी विश्वास ठेवायचं नाही. तूही ठेवू नकोस, पोरी, नुसतं लिहून घे. मी जाळं टाकलं आणि त्यात असा एक मासा घावला, की बोटच त्याच्या मागं निघाली. बेटाला अख्खा वळसा घालून आणलं त्यानं मला परत.

अजवांग: मागच्या खेपेला बेटापर्यंतच नेलं होतं.

अपोंडी: चांगला मासा मेल्यावरही वाढतो. थोरले, तू आपली ती बारकी मासळी वाळत घाल.

न्यांबुरा: अजवांग आजी, तुम्ही तेव्हा इथेच होतात का?

अजवांग: मी हिची सवत. जाणार कुठं?

अपोंडी: आमच्या ओदेराची ती पहिली, मी दुसरी, आणि बोट तिसरी. हसतेस काय? आमच्याकडं नव्या बोटीला बाईचं नाव ठेवतात, नवरीसारखी वाजतगाजत पाण्यात नेतात. मग नवरीच्या खोलीत सवतींनी पाय टाकायचा नाही. टाकला तर ती रुसते. जाळी रिकामी येतात, नाहीतर माणसं परत येत नाहीत. म्हणून बाईनं बोटीत चढायचं नाही.

अजवांग: तिघींत लाड तिचेच जास्त.

अपोंडी: दर पौर्णिमेला तेल चोळायचा तिला. आपल्याला कधी चोळलं?

अजवांग: पोरीसमोर काहीबाही बोलू नकोस. मी चर्चमधल्या बायकांची प्रमुख आहे.

न्यांबुरा: आजी, आधी ही पानं बघून घेऊ या का? तुम्ही आज हो म्हणालात तर तुमच्यावरचं पुस्तक छापायला जाईल. हे चित्र बघा, तुमचा नवरा पाय मोडून पडलाय, चूल थंड आहे, मुलं भुकेली आहेत. खाली लिहिलंय, ‘मग अपोंडी किनाऱ्यावरच्या वडीलधाऱ्यांकडे गेली आणि नम्रपणे म्हणाली, मला बोट नेऊ द्याल का?’

अपोंडी: कोण म्हणाली?

न्यांबुरा: तुम्ही.

अपोंडी: थोरले, मी कुणाला विचारलं होतं?

अजवांग: कोंबड्यालासुद्धा नाही. तो आरवायच्या आधीच गेली.

न्यांबुरा: आमच्या प्रकाशनाच्या मोठ्या बाईंचं म्हणणं असं, की पुस्तक लहान मुलांचं आहे. शाळेत वाचणार. थोरांचं जीवन वाचून मुलं मोठी व्हायला हवीत, उद्धट नकोत.

अपोंडी: माझी पणती परवा त्या कडेच्या बोटीला नुसती टेकली. चढली नाही, टेकली. तर काठी घेऊन धावला एक जण तिच्या अंगावर. त्याच्या बापालाही मी ओळखत होते, तोही असाच काठीवाला. ती पोर किती नम्रपणे विचारेल म्हणजे हे हो म्हणतील, ते विचार तुझ्या मोठ्या बाईला.

न्यांबुरा: तसं नाही हो, आजी…

अपोंडी: मी विचारलं असतं ना, तर ते वडीलधारे झाडाखाली बसून अजून विचार करत असते. मेले सगळे. तरी बसलेच असते.

अजवांग: ते पान काढ, पोरी. ही ऐकायची नाही. मला हिची सगळी जिंदगी माहीत आहे.

न्यांबुरा: मी काढीन. पण मग बाई पुस्तकच थांबवतील. त्यांच्याकडे दुसरं तयार आहे, बडबडगीताचं.

अपोंडी: म्हणून दाखव बघू.

न्यांबुरा: आता?

अपोंडी: माझ्या जागी कोण बसणार ते कळू दे की.

न्यांबुरा: ‘पाणघोड्याला झाली सर्दी, काठावरती जमली गर्दी, शिंक आली एकच मोठी, मासे उडाले चुलीपाठी.’

अपोंडी: हे फार छान आहे. पाणघोडा कुणाला विचारून शिंकला?

न्यांबुरा: कुणालाच नाही.

अपोंडी: मग तुझ्या बाईला सांग, पाणघोड्याला जेवढी मोकळीक, तेवढी मला दे. जास्त मागत नाही. आणि या चित्रात माझ्या तोंडात विडी होती, ती कुठं गेली?

न्यांबुरा: ती काढून टाकली. लहान मुलांच्या पुस्तकात विडी…

अपोंडी: पेटतं टोक तोंडात धरून ओढायचे मी, वाऱ्यानं विझू नये म्हणून. अख्ख्या किनाऱ्यावर माझ्याइतकी कुणाला जमत नव्हती.

अजवांग: जीभ भाजून घ्यायची आणि मिरवायची.

अपोंडी: बरं, विडी घे तुझ्या बाईला. तेवढी दिली. पण ते विचारणं खोड. तिथं लिही, ‘अपोंडीनं कुणाला विचारलं नाही.’ मोठ्या अक्षरात लिही. पणती आता वाचायला लागलीय.

न्यांबुरा: लिहिते. आणि बाईंशी मी भांडेन. खरंच भांडेन. पण मग बाकी सगळं चोख हवं, आजी, नाहीतर त्या यातलीच एखादी चूक धरून बसतील. आणि एक चूक आहे. या मोठ्या चित्रात.

अपोंडी: कुठं? मी तर सुंदर दिसतेय.

न्यांबुरा: तुम्ही पुढे उभ्या आहात, दोन्ही हातांनी जाळं फेकताय. आमचा चित्रकार किसुमूचा आहे, तळ्याकाठी वाढलेला. तो म्हणतो, वल्हं कुठे काढू? आत आडवं ठेवलं तर बोट फिरेल आणि जाळं बोटीखाली जाईल. मागे कुणीतरी बसून ती धरायला हवी. एकट्या बाईचं हे चित्र होतच नाही, म्हणतो.

अपोंडी: चित्रकाराला सांग, मासा ओढत होता.

न्यांबुरा: मासा नंतर आला. जाळं टाकताना?

अपोंडी: तेव्हा वारा होता. मागून. अगदी बेताचा.

अजवांग: त्या दिवशी पान हलत नव्हतं.

अपोंडी: तुला काय माहीत, तू काठावर होतीस. हां, आठवलं. वारा नव्हताच. पाणघोडा होता.

न्यांबुरा: आजी.

अपोंडी: मागून ढकलत होता, हळूहळू. त्याला सर्दी झाली होती.

न्यांबुरा: मुलं शब्द नंतर वाचतात, आजी. आधी चित्रावर बोट ठेवतात आणि विचारतात, इथे कोण आहे? ही मागची जागा रिकामी राहिली, तर पहिल्याच वर्गात कुणीतरी विचारेल. तुमची पणतीच विचारेल.

अपोंडी: तेच विचारलं होतं त्यांनी. त्या वडीलधाऱ्यांनी. मी मासळी घेऊन काठाला लागले, तर सगळे ओळीनं उभे. मागं कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही, मी एकटी. पुन्हा विचारलं. पुन्हा एकटी. धरून गदगदा हलवलं मला. तिसऱ्यांदाही एकटी.

न्यांबुरा: त्यांना एवढं का जाणून घ्यायचं होतं?

अपोंडी: अगं, बाई बोटीत चढली की तिच्या हाताला विटाळ. तिनं विकलेला मासा कुणी घेत नाही. घरात दोन बायका. दोघींचे हात विटाळले असते, तर पोरांनी काय वाळू खायची? एकीचा तरी हात धड हवा, बाजारात टोपली मांडायला. थोरलीचा धड राहिला. ती विकायची, लोक घ्यायचे. दोन्ही घरची पोरं तिच्या टोपलीवर जगली.

न्यांबुरा: आणि तुम्ही?

अपोंडी: मला काय, मी विडी ओढायचे. माझ्या चुलीवरचं कुणी खात नव्हतं, तर मलाच जास्त उरायचं. अजूनही पलीकडची म्हातारी माझ्या हातचा चहा घेत नाही. मेली पुण्यवान. लिही, पोरी, ‘एकटी.’ मागची जागा रिकामी ठेव. तिथं तो पाणघोडा काढला तरी चालेल.

न्यांबुरा: ठीक आहे. मग मी शेवटचं वाचते, तुम्ही हो म्हणा. ‘बोटीत अपोंडी एकटी होती. तिनेच वल्हं मारलं, तिनेच जाळं टाकलं.’

अपोंडी: हो.

अजवांग: परत वाच.

न्यांबुरा: ‘बोटीत अपोंडी एकटी होती. तिनेच वल्हं मारलं…’

(अजवांग खवले लागलेले हात कमरेच्या कापडाला पुसते आणि चित्र पुढे ओढते.)

अजवांग: इथं मागं एक बाई काढायला सांग. बसलेली. डोक्याला पांढरा रुमाल बांध तिच्या.

अपोंडी: थोरले, गप्प बस. रुमाल कसला? चर्चच तेव्हा इथं नव्हतं.

अजवांग: आता आहे ना. रविवारी मी पुढच्या बाकावर बसते, तोच रुमाल. सगळ्यांना ओळखू आली पाहिजे.

अपोंडी: तुझं ते पुढचं बाक जाईल.

अजवांग: मागच्या बाकावरूनही ऐकू येतं.

अपोंडी: आपला शब्द झाला होता, थोरले. पोरी, हिचं काही लिहू नकोस. उन्हात बसून डोकं फिरलंय हिचं. ही काठावर होती, मी एकटी होते, अगदी एकटी, देवाशपथ.

अजवांग: खोटं बोलतेय. हिला वल्हं मारता येत नाही. अजूनही येत नाही.