अठरा चाकं डावीकडे

…आणि वर तोंड करून विचारतात काय, तर "इंडिकेटर दिला होता का?" अरे, दिला होता! टिकटिक टिकटिक करून आतल्या माणसाचं डोकं उठलं, पण बाहेरच्या एकाच्या तरी डोळ्यात शिरला असेल तर शपथ! उलट मोठ्या गाडीनं इंडिकेटर दिला की मागच्याला काय वाटतं? 'अरेच्चा, हा इकडे यायचं म्हणतोय, चला, त्याच्या आधी आपण घुसू!' म्हणजे इंडिकेटर हा आमच्यासाठी नसतोच, तो त्यांना दिलेला आमंत्रणाचा निरोप असतो! आणि मग लागलं-खुपलं की चूक कुणाची? मोठ्या गाडीवाल्याची! अहो, अठरा चाकं असतात त्या गाडीला, चप्पल आहे का ती, उचलली आणि बाजूला ठेवली?

आता आमच्या ठोसाभाऊचंच घ्या. त्याची गाडी माझ्या गाडीशेजारी लागते, म्हणून मला सगळं ठाऊक. हे नाव त्याला आईबापानं ठेवलेलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. लेन बदलताना जागा न देणाऱ्या माणसांनी ते कमावून दिलंय त्याला. एकाचं नाक फोडलं, एकाचं हेल्मेट डोक्यावर असतानाच चेपलं, आणि तिसऱ्याला तर त्याच्याच गाडीच्या डिकीत कोंबून वरनं झाकण लावलं! बरं, माणूस वाईट आहे म्हणता? मुळीच नाही. रस्त्यात कुत्र्याचं पिल्लू आलं तर पाइपांनी लादलेला ट्रेलर उभा करून खाली उतरतो, पिल्लाला कडेला ठेवतो, त्याच्याशी दोन शब्द बोलतो. पण लेन दाबणारा दिसला की याच्या डोक्यात जातं, आणि डोक्यातलं थेट मुठीत येतं. मधे काही थांबाच नाही.

तर डिकीच्या प्रकरणानंतर शेठनी, म्हणजे आमच्या गाड्यांच्या मालकानं, त्याला ऑफिसात बोलावलं. भिंतीवर सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या खिळ्यांना लटकवलेल्या, टेबलावर काच, काचेखाली शेठच्या नातवाचे फोटो. शेठ आवाज चढवत नाहीत, हाच तर त्यांचा त्रास! "हे बघ," शेठ म्हणाले, "तुझ्यासमोर गाडीत कॅमेरा लावतोय. हात स्टिअरिंगवरनं उठला आणि कुणाच्या अंगाला लागला, की किल्ली या काचेवर ठेवायची आणि घरी जायचं. आणि इतर ट्रान्सपोर्टवाल्यांना मी स्वतः फोन करीन." संपलं! ठोसाभाऊला दुसरं येतं काय हो? दोन पोरी कॉलेजात, आणि या वयात अख्ख्या जगात याला एकच गोष्ट जमते, ती म्हणजे लांबलचक गाडी वळवणं. काडेपेटीएवढा तो कॅमेरा, लाल डोळा वटारून याच्या छातीकडे बघत बसला.

घरी येऊन सांगितलं, तर वहिनी काय म्हणाली? वहिनी म्हणजे त्याची बायको, अंगानं एवढीशी, उंची याच्या काखेपर्यंत. म्हणाली, "क्लीनर गावाला गेलाय ना? मग मीच येते या खेपेला. बघते कसा हात उचलता ते! राग म्हणून आवरत नाही माणसाला. मी कशी आवरते? लग्न झाल्यापासून आवरतेय!" ठोसाभाऊनं तिच्यासाठी डावी सीट पुसून ठेवली. 

झालं, निघाली स्वारी. वहिनी डाव्या सीटवर, मांडीवर डबा, पाठीला घरची उशी. आता तुम्हाला एक सांगतो, नीट ऐका. मोठ्या गाडीत ड्रायव्हरला डाव्या दाराखालचं काही म्हणजे काही दिसत नाही. आरसा असतो, पण तो लांबचं दाखवतो. अगदी दाराला चिकटून कुणी उभा राहिला, तर तो ड्रायव्हरच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो! म्हणून डावीकडे क्लीनर बसतो आणि खिडकीतनं हात काढून बाहेरच्या पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे ये, जागा आहे. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, इंजिनच्या आवाजात ऐकू कोणाला येतंय? थाप पडली की डोळे झाकून विश्वास ठेवायचा. ठोसाभाऊनं हे वहिनीला निघतानाच शिकवलं होतं, आणि ती एवढी तरबेज झाली, एवढी तरबेज, की तो मनात म्हणाला, 'क्लीनरपेक्षा हिचा हात बरा पडतो.'

आणि मग आलं ते रस्त्याचं काम! पुढे पिंपं मांडलेली, उजवी लेन बंद, बाण काढलेला, 'डावीकडे घ्या.' घ्या म्हणे! घ्यायला डावीकडच्यांनी द्यायला नको? डावीकडे गाड्यांची अशी चिकटून रांग की मधून पोस्टकार्ड सरकणार नाही. ठोसाभाऊनं इंडिकेटर दिला. एक गेली, दुसरी गेली, एक स्कूटरवाला तर यांच्याकडे बघून हसत गेला! कॅमेऱ्याचा लाल डोळा समोर. ठोसाभाऊचे कान तापले. वहिनी म्हणाली, "लांब श्वास घ्या." त्यानं घेतला. "सोडा." सोडला. "परत घ्या." अहो, अठरा चाकं आहेत मागे, श्वासावर चालते का गाडी?

शेवटी एक दुधाचा टँकरवाला, भला माणूस, मोठी गाडी चालवणाराच तो, थांबला. हात दाखवला, 'ये.' जागा झाली! ठोसाभाऊचं स्टिअरिंग जरासं फिरलं असेल-नसेल, तोच कच्च्या कडेनं, खडी उडवत, एक पांढरी गाडी सुसाट आली आणि खुशाल त्या जागेत शिरली! आणि शिरून करतेय काय? पुढची रांग थांबलेली, त्यामुळे बरोब्बर वहिनीच्या दाराखाली येऊन अडकली. आत एक उंचापुरा बाबा, काळा गॉगल, गळ्यात टाय. ठोसाभाऊला यातलं काही दिसलं नाही. त्याला फक्त टँकरवाल्याचा हात दिसलेला. तो थापेची वाट बघतोय.

वहिनीनं खिडकीतनं वाकून शांतपणे सांगितलं, "दादा, जरा मागे घेता का? आम्हाला यायचंय." त्या गॉगलनं काच अर्धी खाली केली, वर बघितलं आणि म्हणाला काय, तर, "ओ आजी, घरी बसून नातवंडं सांभाळा की! ट्रकमध्ये कशाला तडमडताय?"

आजी! अहो, तो माणूस तिच्याच वयाचा, उलट केस त्याचेच जास्त गेलेले! वहिनीनं आजवर आवरलेलं सगळं, सासूचं, दिराचं, ठोसाभाऊचं, त्या एका शब्दाला येऊन भिडलं. तिनं हात बाहेर काढला आणि दारावर जोरात आपटला. "आजी?" धाड! "कुणाला म्हणतोस रे आजी?" धाड!

दोन थापा.

ठोसाभाऊनं विश्वासानं स्टिअरिंग डावीकडे घेतलं.

कर्रर्रर्र! आवाज असा की मागे टँकरवाल्यानं कान झाकले. गॉगलचा आरसा गेला, मग दाराची मूठ गेली, मग अख्खं दारच आत गेलं, काचा फुटून त्याच्या मांडीवर पडल्या, आणि गाडी सरकत सरकत कठड्याला जाऊन बसली. "अहो थांबा, थांबा!" वहिनी ओरडतेय. "दोन मारल्यास ना तू?" "मी त्याला मारत होते!" 

गॉगल मागच्या खिडकीतनं सरपटत बाहेर आला, हातात लोखंडी गज. पहिला दणका हेडलाइटवर. दुसरा दुसऱ्या हेडलाइटवर. मग वायपर उपटला. मग ठोसाभाऊच्या बाजूनं पायरीवर चढला, त्याची गचांडी धरली आणि सणसणीत कानाखाली वाजवली! आणि ठोसाभाऊ? दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर कॅमेऱ्यात. दुसरी पडली. ओठ फुटला. तिसरी पडली. तुम्हाला सांगतो, ज्या हातानं हेल्मेट चेपलं, तो हात स्टिअरिंग आवळून बसला होता, आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं. लागलं म्हणून नव्हे हो! मारता येत नाही म्हणून. पोरींचं कॉलेज, शेठची काच, काचेवरची किल्ली, सगळं डोळ्यांपुढे, आणि हा चौथी खायला गाल तसाच ठेवून बसलेला. मला नाही बघवलं असतं.

इकडे मागेही पेटलं. टँकरच्या मागचा बसवाला खाली उतरून टँकरवाल्याला म्हणतो, "तूच जागा दिलीस म्हणून झालं!" टँकरवाला म्हणतो, "जागा देणं गुन्हा आहे का?" आणि ठेवून दिली एक त्याच्या थोबाडात. बसमधले लोक उतरले, त्यांतल्या निम्म्यांनी बसवाल्याला धरलं, निम्म्यांनी टँकरवाल्याला, आणि उरलेला एकटा तो मघाचा हसणारा, गंमत बघायला मागे आलेला स्कूटरवाला, त्याला काही कारण नसताना दोघांनीही बदडलं. शर्ट फाटले, चष्मे फुटले, एकाच्या डोक्यात पाण्याची भरलेली बाटली बसली. एवढं मोठं रामायण आणि मूळ प्रश्न काय, तर एकानं एकाला पुढे जाऊ द्यायचं की नाही! अठरा चाकं मधोमध आडवी, आणि त्यांना कुणी विचारतसुद्धा नाही.

आणि मग वहिनी उतरली. डबा सीटवर नीट ठेवला, पदर खोचला, सीटखालची टॉमी काढली. टॉमी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा, हातभर लांब, उचलताना आमचाही खांदा दुखतो. ही एवढीशी बाई ती फरफटत गाडीला वळसा घालून आली आणि पायरीवर चढलेल्या त्या गॉगलच्या नडगीवर अशी हाणली, अशी हाणली, की गडी सरळ खाली! "आजी का?" दुसरी पाठीत. "नातवंडं सांभाळू का?" तिसरी कुठं बसली ते मी बायाबापड्यांसमोर सांगत नाही. मग टॉमी टाकली आणि टाय धरून त्याचं डोकं ट्रकच्या बंपरवर आपटलं. दात पडला. "आई गं! आई गं!" तो विव्हळतोय. वहिनी म्हणते, "आत्ता आई? मघाशी तर आजी होते!" वरनं ठोसाभाऊ ओरडतोय, "अगं, पुरे! अगं, मरेल तो! अगं, राग आवर!" पण हात? हात स्टिअरिंगवर!

पोलीस आला तेव्हा गॉगल जमिनीवर बसून दात शोधत होता. पोलिसानं विचारलं, "कुणी मारलं तुला?" त्यानं वर बघितलं. समोर वहिनी, पदर सारखा केलेला, हातात डबा, चेहरा असा की जणू शाळेत मुलाला पोळी-भाजी द्यायला आलीय. चारचौघांत हा सहा फुटी माणूस सांगणार काय? टाय सारखा केला आणि म्हणाला, "पडलो… बंपरवर." शिवाय कच्च्या कडेनं घुसताना त्याला टँकरवाल्यानं बघितलेलं. मिटलं तिथंच.

दुसऱ्या दिवशी शेठच्या ऑफिसात. ठोसाभाऊचा गाल भाकरीसारखा फुगलेला, किल्ली मुठीत घट्ट. आता काचेवर ठेवायची, म्हणून तयारीनंच आलेला बिचारा. वहिनी शेजारी, खाली मान घालून; खेपेला ती बरोबर होती, एवढंच शेठना सांगितलेलं. शेठनी कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. आवाज नाही, आणि दिसतोय एकटा ठोसाभाऊ, दुसरं कुणी नाही. एक हात येतो, कानाखाली मारतो. हा गप्प. परत मारतो. हा गप्प! डोळ्यांत पाणी, ओठ नुसते हलतायत, हात जागचे हलत नाहीत. शेठनी चष्मा काढला हो! पुसला, परत घातला. "कमाल आहे!" म्हणाले, "तोच माणूस? शिव्या नाहीत, मारामारी नाही… जप करत होतास का रे? आणि हे कशामुळं? वहिनी शेजारी बसल्या म्हणून! काय पायगुण आहे बाई तुमचा, किती शांत! गाडी घासली, घासू दे, विमा आहे. तुझी नोकरी पक्की! फक्त एक अट. यापुढे प्रत्येक खेपेला वहिनी बरोबर पाहिजेत. त्या नसतील तर गाडी फाटकाबाहेर जाणार नाही."

वहिनी लाजली. ठोसाभाऊनं किल्ली खिशात टाकली. सांगणार काय? खरं सांगावं तर बायको अडकते, न सांगावं तर हा अडकतो! काल भेटला तेव्हा गाडीखाली वाकून नवे हेडलाइट बसवत होता, आणि वर केबिनमध्ये वहिनी सीटला नवा अभ्रा घालत गुणगुणत होती. म्हटलं, "ठोसाभाऊ, सुटलास की! नोकरी वाचली!" तर त्यानं आधी वर बघितलं, मग हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नोकरी वाचली रे… आता रस्त्यावरची माणसं वाचली म्हणजे मिळवलं."