वाढत्या अंगाचं

नाही, नाही—धाकट्याला परत आत बोलावू नका काका, जे माप आलं तेच धरा. तो असाच उभा राहतो. तुम्ही तीनदा म्हणालात 'सरळ उभा राहा', तीस वेळा म्हणाला असतात तरी तो तसाच राहिला असता—खांदे पाडून, गुडघे जरासे मोडून. सवय हो, दुसरं काय! पाठबीठ काही दुखत नाही त्याची. बसू दे दोघांना बाहेर पायरीवर. आत आले की एक कात्रीला हात लावणार, दुसरा 'आई, हा बघ' म्हणून ओरडणार, आणि मला तुमच्याशी जरा बोलायचंय, त्यांच्या कानावर न जाता. दार लोटू का? नको, लोटलं तर मला दिसणार नाहीत, आणि समोर गाड्या कशा सुटतात बघताय ना. राहू दे उघडंच. मी हळू बोलते. तुम्ही ते मशीन तेवढं थांबवा.

हं. तर धाकट्याचे नवे कपडे शिवायचे, ते माप झालं. आता ही पिशवी. तीन शर्ट, दोन पँट. हात लावून बघा कापडाला—आहे की नाही नव्यासारखं? वर्षसुद्धा झालं नाही, तुम्हीच शिवलेत. धाकट्याला होत नाहीत आता, मनगटं बाहेर येतात. तर हे मोठ्याच्या मापाला दाबून द्यायचे.—नाही, चुकून नाही बोलले. मोठ्याच्याच. धाकट्याचे कपडे मोठ्याला. असं बघू नका हो! साऱ्या जगात थोरल्याचं जुनं धाकट्याला जातं, आमच्याकडे उलटी गंगा, झालं. एकेक मूल उशिरा वाढतं. ह्यांच्याकडे सगळे उशिराच वाढले म्हणे—असं हे म्हणतात, आणि म्हणतात तेही फोनवरून. ट्रक घेऊन निघाले की महिना महिना तोंड दिसत नाही, तिकडून उंटावरून शेळ्या हाकतात. 'दूध दे', 'लटकायला लाव', 'बघ, एक दिवस सटकन उंच होईल'. हो हो, म्हणते मी.

पण नुसतं दाबून भागायचं नाही काका. ओळखू येता कामा नये. ही पांढरी बटणं काढा, ती करडी लावा—हो, तीच, डब्यातली. झिजलेली कॉलर तुम्ही उसवून उलटी शिवता ना, तशी करा—झिजली नसली तरी करा. ह्या खिशावर शाईचा डाग आहे, तर तो खिसाच काढून टाका. आणि शेवटी कडक इस्त्री मारून तुमच्या दुकानाच्या पिशवीत घालून द्या. मी त्याला सांगणार, दोघांनाही नवे शिवले. मोठ्याची नजर म्हणजे तुम्हाला सांगते—घरात चमचा इकडचा तिकडे झाला तरी पहिलं ह्याला कळतं. म्हणून म्हणते, नीट करा. काय म्हणालात? त्यालाही नवेच शिवा? शिवले असते की! पण मग हे चांगलेचुंगले शर्ट काय पायपुसण्याला घेऊ? आणि धाकटा विचारणार, माझे कुठं गेले—तो विचारणार, मग मोठा ऐकणार—नकोच ते. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही बटणं बदला.

ती? ती पँट मापासाठी आणलीय, मोठ्याची आहे. तिला काही करायचं नाही, तिच्यावरून लांबी धरा.—उलटी कशाला करताय? काका, उलटी नका करू ती. काय बघताय? दुमड... हो. तुमचीच आहे. दोन वर्षांपूर्वी मीच उभी होते इथं, ह्याच फळीला टेकून, आणि म्हटलं होतं, वाढत्या अंगाचं शिवा काका, चार बोटं कापड आत सोडा, पोरगं बघता बघता वाढतंय. आठवतंय ना तुम्हाला? तुम्ही हसून म्हणाला होतात, चार कशाला, पाच सोडतो. तर तीच ती पाच बोटं. दोराही तुमचाच, हात नाही लागला त्याला. मी विसरले उसवायला. कामं काय थोडी असतात का घरात—दोन पोरं, डबे, धुणं, माझी दुपारची ड्यूटी... नाही. विसरेन कशी? दरवेळी शाळा उघडायच्या आधी काढते, त्याला घालून बघते, आणि परत घडी घालून ठेवते. गुडघ्यावर विरली, मागं विरली, पण खाली घोट्यावर जिथं होती तिथंच आहे.

तुमच्या तोंडावर दिसतंय सगळं. आता एवढं बघितलंतच, तर ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. हो, थांबलाय तो. दोन वर्षं जागचा हलला नाही. मी काय काय केलं म्हणून सांगू! आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर दोघांच्या उंचीच्या रेघा होत्या, पेन्सिलीच्या, दर वाढदिवसाला हे मारायचे. धाकट्याची रेघ वर चढत चढत मोठ्याच्या रेघेच्या जवळ आली, तशी मी एका रविवारी रंगाचा डबा आणला आणि सगळी चौकट रंगवून काढली. पोरांना सांगितलं, वाळवी लागत होती. त्याच्या बुटात पुठ्ठा घालते, दोन दोन. फोटो काढायचा झाला की म्हणते, बसा रे, बसून चांगला येतो. मोठ्याला दोन अंडी, धाकट्याला एक—आणि ते एकसुद्धा तो अर्ध्यावर सारतो, 'माझं पोट भरलं, दादाला दे'. आठ वर्षांचं पोर! ह्याचं पोट कधी भरतं का एवढ्यात? शेजारी जाऊन भाकरतुकडा मागेल असा खादाड, आणि घरात बसला की पोट भरतं.

मी नाही हो सांगितलं त्याला. जेवणाचं मी अवाक्षर नाही काढलं.

ते उभं राहण्याचं सांगितलं. एकदाच. माझी एक लांबची चुलती आली होती, दोन वर्षांनी आलेली, आणि दारातच धाकट्याच्या गालाला हात लावून म्हणाली, 'काय रे दादा, लहान भावाला सांभाळतोस ना?' मला वाटलं जमीन फाटावी. आणि मोठा—तो हसला काका. हसून म्हणाला, 'हो आजी, फार सांभाळतो तो मला. रात्री पांघरूण पण घालतो.' चुलती खो खो हसली, मी हसले, सगळे हसले. मग तो मोरीत गेला आणि आतून नळ सोडला. किती वेळ नळ वाहत होता, आणि मी बाहेर चहाच्या कपाला कप लावत उभी. त्या दिवशी संध्याकाळी धाकट्याला गच्चीवर नेलं आणि म्हटलं, बारक्या, दादाच्या शेजारी उभा राहिलास की जरा वाकत जा हं. त्याला बरं वाटतं. एवढंच. टॉवेल वाळत घाल म्हणून शंभरदा सांगते, एकदा घालत नाही मेला. हे एकदा सांगितलं आणि त्यानं धरून ठेवलं! आता दादा नसला तरी तसाच. झोपतो तेसुद्धा पाय पोटाशी घेऊन, लांब होत नाही. परवा शाळेतल्या बाईंनी बोलावून विचारलं, ह्याची पाठ दुखते का, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, दाखवते.

हसू नका. म्हणजे—हसलात नाही तुम्ही, माहितीय मला. दोन पोरांतलं एक वाढत नाही, आणि जे वाढतंय त्याला मीच वाकवून ठेवलंय. असं म्हणायचंय ना तुम्हाला? तोंडानं नाही म्हणालात तरी मला ऐकू येतं.

डॉक्टरांना? दाखवलं की! न दाखवायला मी काय अडाणी आहे? गेल्या वर्षी दाखवलं. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, पोराशी गोड बोलल्या. म्हणाल्या, हाताचा एक्स-रे काढू, त्यावरून हाडांचं वय कळतं, रक्त तपासू, आणि आधीची मापं असतील तर घेऊन या, म्हणजे किती वाढला ते कळेल. लवकर या म्हणाल्या. कारण सापडलं तर इलाज असतो, पण त्याला वय असतं, वय निघून गेलं की मग हाडं ऐकत नाहीत.—गेले ना! एक्स-रेच्या दारापर्यंत गेले. बाकावर बसलो दोघं. समोर एक बाई बसली होती, तिचा मुलगा मिशी फुटलेला, आणि त्याचे पाय बाकावरून खाली टेकत नव्हते. मोठा त्याच्याकडे बघत होता. मी मोठ्याकडे बघत होते. मग तो मला म्हणाला, 'आई, फोटोत वाईट दिसलं तर तू बाबांना काय सांगशील?' आतून आमचं नाव पुकारलं, आणि मी उठले, त्याचा हात धरला आणि सरळ जिना उतरून रस्त्यावर. हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलंय! रात्री ह्यांचा फोन आला. म्हटलं, सगळं ठीक आहे, उशिरा वाढेल म्हणाल्या. तेव्हापासून हे जो भेटेल त्याला सांगत सुटलेत, डॉक्टर म्हणाले उशिरा वाढेल.

'का' म्हणून विचारता? तुम्हाला काय जातंय का म्हणायला! माझा भाऊ... जाऊ दे. माझा भाऊ माझ्या खांद्याला लागायचा, आणि मी त्याच्याहून लहान. शाळेत त्याला बाकावर उभं करून फळा पुसायला लावायचे, पोरं टाळ्या वाजवायची. आई म्हणायची, वाढेल. शेवटपर्यंत म्हणत राहिली, वाढेल. तो कुठं गेला, काय करतो, आम्हाला माहीत नाही आता, एके दिवशी निघून गेला. ह्यांना माहीत नाही मला असा भाऊ आहे ते. लग्नाच्या वेळी घरच्यांनी सांगितलं नाही, नंतर मी सांगितलं नाही. म्हणजे त्या एक्स-रेत काय दिसणार होतं काका? पोराचा हात दिसणार होता का? मी दिसणार होते त्यात. माझ्याकडून आलंय ते. आणि म्हणून वर्ष घालवलं मी त्याचं—त्याचं वर्ष, माझं नव्हे! हे आज पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि तेही तुमच्यासमोर, बटणांच्या डब्यापुढं. कुणाला बोलाल तर—नाही, तुम्ही नाही बोलणार. द्या ती पिशवी इकडं. नाही, राहू दे. बटणं तेवढी—

कुठं गेले?

पायरीवर नाहीत ते. आत्ता होते! आत्ता तर पाय दिसत होते—थांबा. आहेत. आहेत, त्या शेजारच्या बंद दुकानाच्या शटरपाशी आहेत. बाई गं! काय करतायत? मोठ्याच्या हातात काय आहे ते? तुमचा खडू आहे काका. कधी उचलला त्यानं? म्हटलं नव्हतं मी, आत आले की हात लावणार! ओरडू का? थांबा.

रेघ मारली त्यानं. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शटरवर रेघ मारली. आता बारक्याला उभं करतोय. अरे, तो वाकतोय बघा... तो वाकला. आणि मोठा त्याच्या गुडघ्यावर चापट मारतोय. हळूच. गुडघे मागं ढकलतोय हातानं. आता पाठ. हनुवटी वर कर म्हणतोय. बारक्या रडतोय का? रडतोय. मान हलवतोय, नाही नाही. गप्प बसा काका, ऐकू द्या मला, तो बोलतोय—

'उभा राहा ना रे नीट. मला माहितीय तू माझ्याहून उंच आहेस. आईला नाही सांगायचं फक्त, तिला वाटतं मला माहीत नाही.'

ती बटणं परत डब्यात टाका. कॉलर राहू दे. डागसुद्धा राहू दे. शर्ट दाबा, आणि मी सांगेन त्याला, बारक्याचे आहेत म्हणून. आणि ही पँट—नाही, दोरा नका तोडू! दुमड तशीच हवीय मला. तुमची पाच बोटं. डॉक्टरबाईंनी आधीची मापं मागितली होती, चौकट तर मी रंगवून बसलेय, तर हेच माप नेते त्यांच्याकडे. उद्या सकाळी. आज ह्यांना फोन करायचाय, भावाचं सांगायचंय, ते एक मरण आधी उरकते. काही बोलू नका तुम्ही. टेप घ्या हातात.

अरे ए! या रे दोघं आत. खडू आण त्यांचा, शटर नंतर पुसू. ये, इकडं ये, रडायला काय झालं? काही नाही झालं. काका, आधी मोठ्याचं घ्या. बूट काढ रे. पुठ्ठे पण काढ. हो, माहितीय मला, तुला माहितीय. घ्या काका, आणि आकडा पुटपुटू नका, तिघांनाही ऐकू जाऊ दे.

आता तू, बारक्या. दादाच्या शेजारी. दादाच्या शेजारीच उभा राहा, आणि सरळ. अजून सरळ. आई सांगतेय ना.