हाल्वोरची बंदूकगाडी

नाही ओ, माईक राहू द्या. माझा आवाज पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्यांनाही पोचतो.

तर, मान्यवर अध्यक्ष ओड्वार, व्यासपीठावरचे नेमबाजी मंडळाचे पाहुणे, आणि वॉफलच्या वासावर आलेल्या माझ्या गाववाल्यांनो! आपले हाल्वोर उद्या लेकीकडे ट्रुंडहाइमला कायमचे राहायला चालले. त्यांच्याविषयी दोन शब्द बोला, म्हणालात. दोन शब्दांत मी कधी थांबलेय का?

आपल्या नेमबाजीत एका जागी बसून भागतं का? बंदूक पाठीला, चटई काखेत, आणि एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जंगलातून चालायचं. नवरा गेला, मग खुबाही गेला, अन् माझं सगळंच सुटलं. मंडळाच्या स्वयंपाकघरात वॉफल भाजायची आणि बाहेरचे बार ऐकायची. कुणाचा कुठला, बरोबर ओळखायची.

एकदा हाल्वोर आत डोकावले. "रागनाबाई, करपतायत."

"करपू द्या. मी बाहेर आहे."

तो अख्खा हिवाळा त्यांच्या शेडमधनं नुसती ठोकाठोक. बर्फ वितळला आणि गाडी आली! चाकाच्या खुर्चीची जुनी मोटर, मागे चटईची पेटी, बसायला गादी. आणि बंदूक ठेवलेली आडवी! गाडी वळली की नळी अख्ख्या रांगेवरनं फिरायची.

ओड्वार ओरडले, "अरे हाल्वोर, सगळ्यांना एकदमच वर पोचवतोस का?"

जन्म नेमबाजीत गेलेला माणूस, कानापर्यंत लाल! लगेच बदललं. नळी आभाळाकडे, बोल्ट उघडा, बंदूक रिकामी आहे हे लांबूनही दिसेल असा.

गाडी फार हळू चालते म्हणून हसता ना? मीच म्हटलं होतं, वेग कमी करा. त्यांनी केला. मी म्हटलं, अजून. त्यांनी अजून केला. आता शेजारी चालणाऱ्याशी निवांत बोलता येतं. शेजारी कोण चालायचं, ते इथं कुणाला ठाऊक नाही?

गाडी आता मंडळाची. लिव्ह, सिग्ने, ज्यांचे गुडघे रुसलेत त्या सगळ्यांची. छानच झालं. पण शरदात पानं पिवळी होतील, वाटेवर सडा पडेल, तेव्हा मी बडबडणार कुणाशी? मोटरशी?

असो. मंडळाचे आभार, कॉफी करणाऱ्यांचे आभार. माझ्या जिभेला शाळा कमी आणि वारा जास्त लागलाय, वाकडंतिकडं गेलं असेल तर पोटात घाला.

टाळ्या थांबवा जरा. हाल्वोर, इकडे बघा. जाऊ नका. माझ्या घरी राहायला या. मला तुम्ही हवे आहात.