वरची खोली निरंक

...आणि वर मलाच विचारतात, ‘तुले लिहायले कोणी सांगितलं होतं?’ कोणी सांगितलं होतं! अहो, यांनीच! आमच्या बाबांनी! रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या श्रीयुत दयाराम मेश्राम यांनी! लहानपणापासून घरात एकच शिकवण... शाळेत मास्तरांनी मार्क कमी दिले? ‘तोंडी नको, लिहून दे.’ रेशनवाल्यानं साखर कमी तोलली? ‘तोंडी नको, लिहून दे.’ शेजारच्या लताकाकूंच्या कोंबडीनं आमची मेथी खाल्ली, तर तिचाही अर्ज, तीन प्रतींत! तुम्हाला सांगतो, या माणसाचा जगात कशावर विश्वास असेल तर तो पोचपावतीवर!

मग मी काय शिकणार? मी पुण्याला जाऊन पाच वर्षं तेच शिकलो, फक्त इंग्रजीतून. लोकशाही खालून बांधायची असते वगैरे. बरोबरची पोरं बंगळूरला गेली, आणि मी? मी रायपुरात परत आलो! म्हटलं, नवं राज्य आहे, आपल्याबरोबरच मोठं झालंय, आपण नाही तर कोण? नव्या रायपुरात नोकरी धरली, जिथे रस्ता नदीएवढा रुंद आणि बस तासाला एक, तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. तरी तक्रार नाही. म्हणजे तक्रार आहे, पण लेखी.

अशात आमच्या तेलीबांध्याच्या घराला नगर निगमची नोटीस आली. घराचा टॅक्स वाढला. का? तर ‘दुकान : एक’. दुकान! आमच्याकडे! कुठलं? तर फाटकावर आईचा बोर्ड आहे, ‘शांता फॉल-पिको’. आईनं डोळ्यांमुळे पिको सोडून तीन वर्षं झाली. बोर्ड ठेवलाय, कारण त्याच्यामागे फाटकाला भोक आहे आणि तिथून कुत्री शिरतात. म्हणजे कुत्री अडवण्यावर व्यावसायिक कर! मी पेटलोच. आणि बाबा काय म्हणाले असतील? हे, पोचपावतीवाले?

“जाऊ दे बेटा, भरून टाकू. काहून वाद घालून राहिला?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! वाटलं, संपलं... व्यवस्थेनं माझ्या बापाला मोडलं! त्याच दिवशी बसून चार पानी हरकत लिहिली. कलमं, उपकलमं, फाटकाचा फोटो, भोकाचा वेगळा फोटो. आणि शेवटी, काय बुद्धी झाली, एक ओळ टाकली... ‘कृपया घराची संपूर्ण पाहणी करण्यात यावी.’ ‘संपूर्ण’खाली रेघ! तोंडी नाही, लिहून दिलं! बाबांनी ती प्रत वाचली आणि जेवले नाहीत. मला वाटलं, अभिमान.

आला मोजणीवाला. भला माणूस, अभनपुराकडचा, हातात टेप, काखेत रजिस्टर. बोर्ड उचलून मागे पाहिलं, मान डोलावली, “हव भैया, दुकान तो नइ हे.” आणि दुकान खोडलं! एका रेघेत! जिंकलो! लोकशाही जिंकली! मग त्यानं वर पाहिलं. “ऊपर का हे?”

तर बाबांना खोकला लागला. असा खोकला मी आयुष्यात ऐकला नव्हता. आई धावत आली, “भैया, पायऱ्याईवर साबणाचं पाणी सांडलं आहे न, पडसान!” मी काय केलं? फडकं आणलं आणि पायऱ्या पुसल्या! एकेक पायरी! “वर माझी खोली आहे, चला ना भैया, चहा वरच घेऊ!” टेपचं दुसरं टोक मी धरलं, तुम्हाला सांगतो, मी! बारा बाय चौदा. त्यानं रजिस्टर उघडलं, खोलीकडे पाहिलं, परत रजिस्टरकडे.

“भैया, कागज में तो इहाँ आसमान हे.”

आसमान! मी रजिस्टर ओढलं. आपल्याकडे घराची माहिती घरमालकच दरवर्षी भरून देतो. रजिस्टरात ते सगळे लावलेले... अकरा वर्षं, अकरा फॉर्म, बाबांचं ते मोत्यासारखं अक्षर... ‘वरचा मजला : निरंक.’ निरंक! अहो, मी राहिलोय तिथे! दहावी तिथे, बारावी तिथे, संविधानाची उद्देशिका पाठ केली ती तिथे! ‘सत्य’ या विषयावर निबंधात पहिला आलो, तो निबंध निरंकमध्ये बसून लिहिला!

“बाबा, हे तुम्ही लिहून दिलंत?”

खोकला थांबला. “नक्शा पास व्हायले दोन वर्ष लागत होते, इंद्रजीत. तुझी दहावी मार्चात होती. खाली तुझी आई मशीन चालवे, तुले वाचणं होत नोव्हतं. बांधून टाकली. एकदा निरंक लिहिलं, मग दरसाल तेच लिहा लागे. मले का आवडे?”

आता यावर हरकत घ्यायची तरी कोणाविरुद्ध? आणि कुठल्या कलमाखाली?

मोजणीवाला टेप गुंडाळत म्हणाला, “देखो भैया, पुरानी हे तो ग्यारह साल का दंड, अउ बाबूजी के नाम से नोटिस फाटक पर चिपकेगी... झूठी जानकारी दी करके. इसी साल बनी हे, तो बस आगे से टॅक्स. कब बनिस? लिख के दे दो.”

सगळी गल्ली वाचणार होती ती नोटीस. लताकाकू तर चष्मा लावून! भिंतीवर माझ्या दहावीचं टाइमटेबल अजून चिकटलेलं, पिवळं पडलेलं. मोजणीवाला त्याच्यासमोरच उभा होता आणि एक अक्षर वाचत नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी म्हणतील, खरं लिही बेटा. बाबा ओल्या पायऱ्यांकडे पाहत होते. पेन माझ्या हातात. मला सांगा, फसवलं कोणी? निगमनं? निगमनं तर दुकान खोडलं हो!

लिहिलं. ‘सदर खोली चालू वर्षी बांधण्यात आली आहे.’ तीन प्रती. सही केली, पोच घेतली. बाबांनी चष्मा लावून पहिल्या शब्दापासून वाचलं, दोनदा वाचलं. मी पुण्याहून पदवी घेऊन आलो, तेव्हा या माणसानं नुसतं ‘हं’ केलं होतं. आणि आता आईला हाक मारून म्हणतात,

“शांता, चहा ठेव. पोट्टा शिकला.”